खाडीत कयाकवरून मासेमारी करताना वारा एकाएकी वाढला, तर काय करावे?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : आपण गेल्या वर्षी सिट-ऑन-टॉप प्रकारची (आत न शिरता वर बसून चालवायची) कयाक घेतली, मालवणजवळ देवबागला कर्लीच्या खाडीत आणि कधीकधी समोरच्या समुद्रात गळ टाकायला जाता, आणि मागच्या महिन्यात दुपारी बाराच्या सुमारास वारा इतका वाढला की अर्धा किलोमीटर परत यायला आपल्याला तासाहून अधिक वेळ लागला. अशा वेळी नेमके काय करावे, नांगर टाकावा का, आणि बॅटरीवर चालणारी मोटर बसवल्याने हा प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे. मी नऊ वर्षे याच खाडीत आणि पुण्याजवळच्या धरणांच्या जलाशयांत कयाकवरून मासेमारी करतो. मी प्रशिक्षक नाही, त्यामुळे पुढे लिहिलेले माझ्या अनुभवावर आणि स्थानिक मच्छीमारांकडून शिकलेल्या गोष्टींवर आधारलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

आपण त्या तासाचे जे वर्णन केले आहे, त्यावरून मला एक शंका येते. आपण जिथून कयाक पाण्यात लोटली होती, जिथे आपली गाडी उभी होती, त्याच ठिकाणाकडे आपण सरळ वाऱ्याच्या तोंडावर वल्हे मारत राहिला असाल. माझी शंका चुकीची असेल तर क्षमस्व. परंतु मी स्वतः हेच केले होते. एका एप्रिलमध्ये खाडीच्या पूर्वेकडच्या कांदळवनाशी मी तांबोशी माशासाठी थांबलो होतो. साडेबाराला वायव्येचा वारा भरू लागला तेव्हाच निघायला हवे होते, पण नुकतीच एक मोठी ओढ लागून सुटली होती आणि 'आणखी दहा मिनिटे' या मोहात मी तासभर घालवला. त्यानंतर चाळीस मिनिटे मी देवबागच्या दिशेने जीव तोडून वल्हे मारले आणि मोबाइलवर पाहिले, तर दोनशे मीटरसुद्धा पुढे सरकलो नव्हतो. दंड भरून आले, पाणी पिण्यासाठी हात थांबवला तेवढ्यात कयाक आडवी झाली, आणि एका लाटेने गळ-गऱ्यांचा डबा उचलून नेला. शेवटी नाइलाजाने मी कयाक फिरवली, मागे सोडलेल्या कांदळवनात पाच मिनिटांत पोहोचलो, तिवरांच्या आडोशाला शिरलो आणि सूर्यास्तापर्यंत तिथेच बसून राहिलो. सात वाजता वारा पडल्यावर निवांत परतलो. किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध मच्छीमाराला मी ही हकिगत थोड्या ओशाळलेल्या स्वरात सांगितली, तेव्हा तो इतकेच म्हणाला, "होडी खंय लागली तां सोड; लागली मां?" (होडी कुठे लागली ते सोड; लागली ना?)

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या या वाक्यात आहे. वारा वाढल्यावर आपले काम जमिनीवर पोहोचणे एवढेच असते, निघालेल्या ठिकाणी परतणे हे नव्हे. गाडी नंतर रिक्षाने किंवा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जाऊन आणता येते. 'आपण वाऱ्यापुढे हरलो' असे वाटून घेऊ नये, कारण ती स्पर्धा मुळातच बरोबरीची नसते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 15 किलोमीटरचा वारा 30 वर गेला की अंगावर येणारा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. मासेमारीची कयाक रुंद आणि जड असते, आपण तिच्यावर उंच खुर्चीत बसलेले असतो, मागे तीन रॉड उभे असतात, आणि शांत पाण्यातही तिचा टिकवून धरता येण्याजोगा वेग ताशी चार-पाच किलोमीटरच्या वर जात नाही. समोरून ताशी 25-30 किलोमीटरचा वारा आला की त्यातले फारच थोडे हाती उरते, आणि क्षणभर विसावा घेतला की तेही जाते.

म्हणून वारा वाढतो आहे असे जाणवताच सर्वप्रथम तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळून रॉड आडवे करून बांधावेत. मासा लागलेला असेल आणि तो मिनिटभरात वर येत नसेल, तर तंगूस कापून टाकावी. हे लिहायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. पाण्यात सुटलेली तंगूस वल्ह्यात किंवा सुकाणूत अडकली तर नेमक्या नको त्या क्षणी आपले दोन्ही हात गुंतून पडतात. सावलीसाठी छत्री किंवा छत लावले असेल तर ते तत्काळ उतरवावे, कारण ते शीडच असते. खुर्ची खाली करता येत असेल तर करावी. लाइफ जॅकेट अंगावर असलेच पाहिजे. त्याचे पट्टे सैल केले असतील तर ते आवळावेत. जॅकेट कयाकच्या डिकीत ठेवणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे, पण आपण विचारले आहे म्हणून सांगतो की खवळलेल्या पाण्यात ते बाहेर काढून अंगात घालणे जवळजवळ अशक्य असते.

त्यानंतर प्रश्न उरतो तो आडोसा कुठे आहे याचा, आणि देवबागच्या बाबतीत त्याचे उत्तर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे उलटे होते. देवबाग ही उत्तर-दक्षिण पसरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि दक्षिण टोकाला पलीकडे भोगवे. दुपारचे खारे वारे, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येणारे वारे, वायव्येकडून येतात, त्यामुळे खाडीच्या आतल्या बाजूला देवबागच्या माडांखालचे पाणी शांत राहते आणि पूर्वेकडच्या काठावर लाटा आपटत असतात. दुपारपर्यंत थांबायचेच असेल तर देवबागच्या काठाला धरून राहावे. पूर्वेच्या काठाला अडकला असाल, तर परतीसाठी धडपडण्याऐवजी जवळच्या एखाद्या फाट्यात किंवा तिवरांच्या मागे शिरावे.

सकाळचे गणित मात्र अगदी वेगळे आणि माझ्या मते अधिक धोक्याचे आहे. थंडीच्या महिन्यांत पहाटेपासून नऊ-दहा वाजेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. अशा वेळी समुद्राच्या बाजूला देवबागच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर पाणी तेलासारखे सपाट दिसते, कारण माडांची संपूर्ण रांग त्या वाऱ्याला अडवत असते. आपण कयाक लोटता, पाठीमागून वाऱ्याची मदत मिळते, आज हात चांगला चालतो आहे असे वाटते, आणि पाचशे मीटर आत गेल्यावर गळ टाकून बसता. तिथे आडोसा संपलेला असतो. लाटा आपल्यापासून दूर जात असल्यामुळे त्यांचा फेस आपल्याला पाठीमागून नीट दिसत नाही, आणि मागे वळून पाहीपर्यंत किनाऱ्यावरची माणसे ओळखू येईनाशी होतात. खारे वारे निदान जमिनीकडे तरी ढकलतात. मतलई वाऱ्याच्या पुढे आडवी येणारी जमीन नसते. म्हणून समुद्राच्या बाजूला जाताना माझा नियम असा आहे की पहिली दहा मिनिटे वाऱ्याविरुद्ध किंवा किनाऱ्याला समांतर जाऊन पाहायचे, आणि परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर असेल तर किनाऱ्यापासून दोनशे मीटरपलीकडे जायचे नाही. दोनशे हा आकडा माझ्या दंडांचा आहे. आपला आकडा आपण स्वतः मोजून ठरवावा.

खाडीच्या मुखाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण त्या बाजूला जात असल्याचे म्हटले आहे. ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावत असते आणि त्याच वेळी समुद्रावरून वारा व लाटा आत येत असतात, तेव्हा त्या लाटा आखूड आणि उभ्या होऊन जागच्या जागी फुटू लागतात. वाऱ्याचा वेग तोच असला तरी भरती चालू असताना जे पाणी सुसह्य असते, ते ओहोटी लागल्यावर तासाभरात ओळखू येत नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना आडाखा आपल्याला ठाऊक असेल : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. याचा अर्थ असा की उधाणाच्या दिवसांत, जेव्हा ओहोटीची ओढ सर्वांत जोरकस असते, तेव्हाच ती दुपारी बारानंतर सुरू होते आणि त्याच वेळी खारा वाराही भरू लागतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस दुपारी एक ते चार या वेळात मी मुखाच्या आसपास फिरकत नाही, मग मासे कितीही लागत असोत. आपली घटना घडली त्या दिवशी कोणती तिथी होती, हे कृपया दिनदर्शिकेत पाहावे. कोडे तिथेच सुटेल असा माझा अंदाज आहे.

आता प्रत्यक्ष वल्ही मारण्याविषयी. वाऱ्याविरुद्ध जावेच लागले तर कयाकचे नाळेकडचे, म्हणजे पुढचे, टोक थेट वाऱ्यात न धरता थोडे तिरके धरावे आणि तिरके तिरके सरकत काठ गाठावा. ओढ्याच्या प्रवाहातून म्हैस पलीकडे जाते तशी. वल्हे खालच्या कोनात, आखूड आणि सलग मारावे, कारण उंच उचललेले पाते वारा पकडते आणि हातातून हिसकावून नेऊ पाहते. काही कळेनासे झाले तरी वल्हे पाण्यातच असू द्यावे. थांबलेली कयाक डगमगते, चालती सावरते. लाट आडवी येऊ लागली तर भिऊन तिच्यापासून दूर झुकण्याचा मोह होतो, परंतु त्यामुळेच कयाक उलटते. लाटेच्या बाजूला किंचित झुकून वल्ह्याचे पाते तिच्यावर टेकवावे. वारा पाठीमागून असेल तर जड सामान मागे सरकवावे, म्हणजे नाळ पाण्यात घुसत नाही. आपल्याकडच्या लहान होड्यांना एका बाजूला उलांडी (तोल सावरणारे तरंगते लाकूड) लावतात, ती याच डगमगीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे. काही कयाकवालेही आता बाजूला तरंगती नळकांडी लावू लागले आहेत, हे पाहून मला गंमत वाटते.

कयाक उलटलीच तर सर्वप्रथम तिला धरावे. रॉड, डबा, चप्पल यांतले काहीही वाचवायला जाऊ नये. रिकामी कयाक वाऱ्यावर इतक्या वेगाने वाहत जाते की चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही, आणि पाण्यात एकटे डोके दुरून कोणाला दिसत नाही. रंगीत कयाक दिसते. ती सरळ करून, मध्यावर हात टाकून, पाय पाण्यात झाडत पोट तिच्यावर आडवे आणावे, मग कुशीवर वळून बसावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. हे वाचून येत नाही. छातीएवढ्या पाण्यात, शांत सकाळी, सोबत कोणी असताना दहा वेळा करून पाहावे. पहिल्या तीन वेळा जमणार नाही. फक्त समुद्रकिनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांत उलटलात तर कयाक आणि किनारा यांच्या मध्ये राहू नये, कारण पाण्याने भरलेली कयाक लाटेबरोबर अंगावर येते आणि हाड मोडू शकते. परदेशी व्हिडिओंमध्ये थंड पाण्याने गारठण्याविषयी खूप सांगतात. कोकणच्या समुद्रात पाण्याचे तापमान वर्षभर साधारण 26 ते 30 अंश असते, त्यामुळे आपला खरा शत्रू ऊन, तहान आणि थकवा हा आहे. पिण्याचे पाणी जेवढे लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट न्यावे आणि बाटली बांधून ठेवावी.

नांगराविषयी आपण विचारले आहे. उथळ खाडीत, चिखलाच्या तळावर, प्रवाह मंद असताना नांगर टाकून दम खाणे योग्य ठरू शकते, पण त्याची दोरी फक्त नाळेलाच असावी आणि एका झटक्यात सुटावी अशी बांधलेली असावी. दोरी खोलीच्या निदान पाचपट सोडावी, नाहीतर नांगर धरत नाही. बाजूला किंवा मध्यावर बांधलेला नांगर जोराच्या प्रवाहात कयाकला एका बाजूने खाली ओढतो आणि ती काही क्षणांत पालथी होते. बसल्या जागेवरून बांधणे सोयीचे असल्यामुळे नेमके हेच बहुतेक जण करतात. मुखाजवळ ओहोटीत नांगर टाकूच नये. खोल पाण्यात, नांगर तळाला पोहोचत नसेल तेव्हा, नाळेला बांधून सोडलेली कापडी ड्रिफ्ट सॉक अधिक उपयोगी पडते, कारण ती वाहून जाण्याचा वेग कमी करते आणि नाळ वाऱ्याकडे ठेवते. जवळ धारदार सुरी असावी, आणि ती डब्यात नव्हे तर जॅकेटवर.

'अचानक' या शब्दाविषयी थोडे. खारा वारा खरे तर अचानक येत नाही. मतलई वारा थांबून दहा-अकराच्या सुमारास हवा पूर्ण पडते, पाणी काचेसारखे होते आणि आपल्याला वाटते की दिवस फार छान आहे. पण ती केवळ वाऱ्याने कूस बदलण्याची वेळ असते. त्यानंतर नांगरलेल्या होड्या तोंडे फिरवतात, समुद्राकडून पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसतो, आणि मग इथे-तिथे लाटांचे माथे पांढरे पडतात. तुरळक पांढरे माथे म्हणजे वारा साधारण ताशी 12 ते 19 किलोमीटरवर आहे. जिकडे पाहावे तिकडे ते दिसू लागले की तो 20च्या पुढे गेला. मी पहिला पांढरा माथा दिसताच गाशा गुंडाळतो. सोबतचे मित्र हसतात, हसोत.

खरोखर अचानक येतो तो वळवाचा वारा, आणि तो मी खाडीपेक्षा पवना-पानशेतसारख्या जलाशयांवर अधिक अनुभवला आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर डोंगरामागे ढग उभा चढतो, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो, आणि पाऊस अजून काही किलोमीटर दूर असतानाच त्यातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीलगत धावत येते. हवामानशास्त्रात चंडवाताची व्याख्याच अशी आहे की वाऱ्याचा वेग एकदम निदान 16 नॉटने वाढून 22 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 40 किलोमीटर, किंवा त्याहून अधिक व्हावा आणि मिनिटभर तरी टिकावा. 13 मे 2024 रोजी दुपारी मुंबईत धुळीचे वादळ उठून घाटकोपरला फलक कोसळला आणि 17 जणांचा जीव गेला, ते वादळ याच जातीचे होते. डोंगरांच्या मधल्या जलाशयात तर दरी नळीसारखे काम करते. उकाड्यात एकदम गार झुळूक लागली आणि मातीचा वास आला की आपल्याजवळ काही मिनिटेच आहेत असे समजावे व जो काठ सर्वांत जवळ असेल तो गाठावा, मग तिथे चिखल असो की काटे. विजेचा प्रश्न वेगळाच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पाणी सोडावे, कार्बनचे रॉड खाली ठेवावेत, एकट्या झाडाखाली उभे राहू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परतू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप विजेची पूर्वसूचना देते, ते फोनवर असू द्यावे.

निघण्यापूर्वी मी हवामान विभागाचा किनारपट्टीचा इशारा आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पाहतो. वाऱ्याचा अंदाज पाहताना सरासरी वेगापेक्षा झोतांचा आकडा पाहावा, कारण कयाक उलटते ती झोताने. फोन जलरोधक पाकिटात, अंगावर असावा. कयाकला बांधलेला फोन कयाकबरोबर जातो. तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093 आणि सर्वसाधारण 112 हे क्रमांक त्यात साठवलेले असावेत, आणि गळ्यात शिट्टी असावी. परंतु खाडीत आपल्यापर्यंत सर्वांत लवकर पोहोचेल तो जवळचा होडीवाला. त्याचा क्रमांक आधी घेऊन ठेवावा, निघताना त्याला सांगावे, आणि परतल्यावर कळवायला विसरू नये. मी एकदा विसरलो होतो आणि तो माणूस भर वाऱ्यात मला शोधायला निघाला होता.

राहिली मोटर. ती जरूर बसवावी, वाऱ्याविरुद्ध तिचा उपयोग निश्चित होतो आणि दुपारच्या परतीत दंडांना विश्रांती मिळते. मात्र मोटर आल्यावर माणूस पूर्वी जिथवर वल्ह्याने जायचा त्याच्या तिप्पट दूर जाऊ लागतो, आणि बॅटरी संपते ती वाऱ्याविरुद्ध पूर्ण जोर लावल्यावरच, म्हणजे नेमकी परतीच्या वाटेवर. शिवाय मोटर आणि बॅटरी यांचे वजन बहुधा कयाकच्या मागच्या टोकाला येते, नाळ हलकी होऊन वर उचलली जाते आणि वारा तिला फिरवतो. म्हणून बॅटरी शक्यतो मध्यावर किंवा पुढे ठेवावी आणि तिची पेटी पट्ट्याने आवळून बांधावी. मी मोटर वापरतो, पण वल्ह्याने जिथून परत येता येईल तेवढ्याच अंतरात. आपण पुढच्या खेपेला मोटर न लावता, दुपारी दोनच्या वाऱ्यात, देवबागच्या काठाशी कंबरभर पाण्यात अर्धा तास वल्हे मारून पाहावे आणि तेवढ्या वेळात वाऱ्याविरुद्ध किती मीटर जाता आले ते फोनवर मोजून इथे लिहावे. त्या आकड्यावरून कोणत्या ताकदीची मोटर घ्यावी, हे मला अधिक नेमके सांगता येईल.